दट्ट्या

या बाजूनं बोल, ओवी. डावा कान गेलाय.
कोणत्या बंदुकीनं खाल्ला म्हणून विचारशील,
तर दोघींनी मिळून.

आता लिही. दोन्ही वायूवरच चालतात,
लोक उगाच दोन जाती पाडतात.
गोळी सुटली की तिच्यामागचा जाळ
बॅरलच्या एका बारीक भोकातून वर चढतो.
फरक एवढाच, की वर चढून तो करतो काय.

एकीत तो दट्ट्याला ढकलतो,
दट्ट्या दांड्याला, दांडा बोल्टला;
सासऱ्याला सांगायचं ते सुनेनं सासूकरवी सांगावं, तसं.
दुसरीत मधे कोणी नाही.
बोरूएवढी नळी, आणि जाळ थेट माजघरात.

दिघीच्या टेकडीखाली पावणेदोन महिने
आम्ही सहा जण दोघींना घेऊन पालथे पडायचो.
नळीवाली हलकी. खांद्याला नुसती टेकायची,
तीनशे मीटरवर पाच गोळ्या एका वाटीत.
दांडेवाली तोंडाला जड,
दांडा मागं आला की मान उडवायची.
पुढचं आवरण तव्यासारखं तापायचं,
हा अंगठ्यावरचा डाग तिचा.
पण चिखलात लोळवली तरी
खोकत खोकत चालायची.

आणि संध्याकाळी साफसफाई.
तिथं कळतं कोण कशी नांदते ते.
दांडेवालीची काजळी पुढंच राहायची, दट्ट्याच्या टोकाला;
तीन चिंध्यांत काम संपलं.
नळीवाली म्हणजे धुराडं नसलेलं घर.
दोनशे फैरींनंतर आतलं तेल मिसरीसारखं,
अकरा चिंध्या, वर दात घासायचा ब्रश,
तरी नखात काळं घेऊन जेवायला बसायचं.

(तू दोन रकाने आखलेस. बरोबर आहे.
वजन, धक्का, नेम, सफाई.
चहा घे, गार होतोय.)

आमच्यात एक डावखुरा होता, इस्माईल मुलाणी, सासवडचा.
डाव्या खांद्याला लावायचा,
म्हणजे काडतूस बाहेर पडायची खिडकी नेमकी त्याच्या तोंडाशी.
नळीवाली हातात आली की तिचा सगळा धूर त्याच्या डोळ्यांत.
घळाघळा पाणी.
आम्ही हसायचो, मुलाणी, सासरी निघालास का रे?
तोही हसायचा, बाहीनं डोळे पुसायचा,
नेम मात्र चुकायचा नाही.

एका बुधवारी तो उशिरा आला.
कार्यालयातून बोलावणं होतं, एवढंच आम्हाला माहीत.
आला, पालथा पडला, चाळीस फैरी झाडल्या,
एकही वाटीत नाही.
उठला तेव्हा गाल ओले.
कुणीतरी ओरडलं, सासर लांब आहे का रे?
मीही हसलो. आधी हसलो.
मग त्याच्या हातात काय आहे ते पाहिलं.

दांडेवाली होती.

ती तोंडावर धूर टाकत नाही, ओवी.
दिवसभर झाडा,
जे काही काळं ते ती पुढं, लांब, आपल्यापाशी ठेवते.
बाकीचे चौघे अजून हसत होते.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

त्या रात्री तो सासवडला गेला.
त्याची बंदूक मी उघडली.
दट्ट्यावर थोडी काजळी. मागं बोल्ट
धुतलेल्या ताटासारखा.
दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला,
चिंधी फिरवली, पुन्हा फिरवली, पांढरीच निघाली.
त्या बंदुकीवर
कसलाच आळ घेता येईना.

सफाईच्या रकान्यात काय लिहिलंस?
तीन चिंध्या. हां.
तसंच राहू दे.

हा कारखान्याचा भोंगा झाला का आत्ता?
मला नुसता कपबशीला कळला.